गोळीबाराला रोगाची साथ म्हणायचं, तर त्यात पोलिसांचं काम कोणतं?

साथसंगत (धागाकर्ती)

जून २०२४ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल (सार्वजनिक आरोग्यावर सरकारतर्फे बोलणारे सर्वोच्च डॉक्टर) विवेक मूर्ती यांनी बंदुकीची हिंसा हे सार्वजनिक आरोग्यावरचं संकट असल्याचं अधिकृतपणे जाहीर केलं. तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या मंडळींत सरळ दोन तट पडलेत. 'आरोग्याचा प्रश्न' म्हटलं की काहींना ऐकू येतं, पोलिसांना घरी बसवा. काहींना ऐकू येतं, गुन्हेगारांचे लाड करा. मी इथल्या एका आरोग्य खात्यात आकडेवारी सांभाळते आणि दोन्ही तटांशी माझं वाजतं. म्हणून हा धागा.

२०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसं गेली. त्यात सुमारे २७,३०० आत्महत्या आणि १७,९२७ खून. बातम्या बघून कुणालाही हे प्रमाण उलटं वाटेल. २०२० पासून १ ते १९ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारणही बंदूकच आहे.

आता खून. ते शहरभर सारखे पसरलेले नसतात. नव्वदच्या दशकात बॉस्टनमध्ये हार्वर्डच्या अभ्यासकांनी पोलिसांबरोबर बसून तरुणांचा एकेक खून उलगडला. शहरातल्या तरुणांपैकी एक टक्क्याहूनही कमी पोरं टोळ्यांत होती, आणि किमान ६० टक्के खून त्यांच्याच भांडणांतले निघाले. पुढे शिकागोत अँड्र्यू पापाक्रिस्टोस आणि सहकाऱ्यांनी एकत्र अटक झालेल्या १,३८,१६३ लोकांचं जाळं मांडलं आणि त्यातल्या २००६ ते २०१४ मधल्या गोळीबाराच्या ११,१२३ घटना तपासल्या. ६३ टक्के घटना ओळखीतून ओळखीत पसरल्याचं दिसलं. एकाला गोळी लागल्यावर सरासरी सव्वाशे दिवसांत त्याच्या ओळखीच्याला.

माझं म्हणणं या सव्वाशे दिवसांबद्दल आहे. या काळात पोलीस काय करतात? फिल कुक, अँथनी ब्रागा वगैरे अभ्यासकांनी बॉस्टन पोलिसांच्या फायली तपासल्या. बंदुकीने झालेल्या खुनांपैकी ४३ टक्क्यांचा छडा लागला होता. गोळी लागून माणूस वाचला असेल, तर फक्त १९ टक्क्यांचा. बरं, दोन्हीकडे प्रसंग तेच, जागा त्याच, हत्यारं तीच. गोळी दोन इंच इकडे की तिकडे एवढाच फरक. पहिल्या दोन दिवसांत तपासही जवळपास सारखाच. त्यानंतर खुनाच्या फायलीवर माणसं राबत राहतात आणि दुसरी फाईल कपाटात जाते.

जो वाचला त्याला बहुतेक वेळा माहीत असतं कुणी झाडली. त्याच्या मित्रांनाही. पोलीस काही करत नाहीत हे कळलं की ते स्वतः करतात. मी प्रतिबंधक उपायांची यादी केली तर सगळ्यात वर लिहीन: वाचलेल्या माणसाच्या केसचा नीट तपास. ज्याला आपण 'घडून गेल्यानंतरचं' काम समजतो, ते पुढच्या गोळीच्या आधीचं काम असतं.

मतं मांडा. शक्यतो वर्तमानपत्री मथळ्यांच्या पलीकडची.

तिरकस

बंदूक हा काही जंतू नाही. चाप कुणीतरी ओढतो, आणि त्याला पकडायला लस चालत नाही. १९९२-९३ मध्ये कॅन्सस सिटीत एका गस्तहद्दीत पोलिसांनी फक्त बेकायदा बंदुका शोधायला जादा गाड्या लावल्या. बंदुकांची जप्ती ६५ टक्के वाढली, बंदुकीचे गुन्हे ४९ टक्के घटले. यात आरोग्य खातं कुठे होतं? बाकी तुमचं तपासाचं मत मान्य. पण ते 'पोलिसांनी पोलिसांचं काम करावं' एवढंच आहे, त्याला साथरोगशास्त्राचा अंगरखा कशाला?

आकडेमोड

@तिरकस, कॅन्सस सिटीचे आकडे बरोबर आहेत. एक हद्द, सहाएक महिने आणि तुलनेला दुसरी एक हद्द. त्यावरून लोकांनी जो धडा घेतला तो न्यूयॉर्कमध्ये दिसला. २०११ मध्ये तिथे पोलिसांनी ६,८५,७२४ वेळा लोकांना रस्त्यात थांबवलं. बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. बंदूक सापडण्याचं प्रमाण हजारात एक-दोन. २०१३ मध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली, तेव्हा 'आता रक्ताचे पाट वाहणार' असं म्हणणारे पुष्कळ होते. थांबवण्याचा आकडा २०१९ पर्यंत साडेतेरा हजारांच्या आसपास आला. खून २०११ मध्ये ५१५ होते, २०१७ मध्ये २९२.

म्हणजे निवडक जागी, ठरावीक वेळी, नेमक्या माणसांवर लक्ष ठेवणं वेगळं आणि अख्ख्या वस्तीचे खिसे चाचपणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात साक्षीदार गमावता. मग साथसंगत म्हणतात तो १९ टक्क्यांचा आकडा वर कसा जाणार?

रात्रपाळी

मी फिलाडेल्फियात ट्रॉमा नर्स आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

इथे पोलीस गोळी लागलेल्या माणसाला रुग्णवाहिकेची वाट न बघता गाडीच्या मागच्या सीटवर टाकून थेट आणतात. 'स्कूप अँड रन' म्हणतात याला, आणि ही पद्धत १९८०च्या दशकापासून आहे. आम्हाला आधी ना नाडी कळते ना रक्तदाब. दारात गाडी लागते आणि हवालदार ओरडतो. त्याच्या हाताला कोपरापर्यंत रक्त असतं. गोळी किंवा भोसकल्याच्या जखमांत रस्त्यावर सलाईन लावत बसण्यापेक्षा लवकर टेबलावर येणं महत्त्वाचं, त्यामुळे पोलिसांच्या गाडीतून आलेले निदान रुग्णवाहिकेतून आलेल्यांइतके तरी वाचतात, असं अभ्यासांत दिसलंय. पोलिसांनी जीव वाचवला असं अक्षरशः म्हणता येतं.

पण पुढचं दृश्यही बघा. आम्ही कपडे कापतो, गोळीच्या भोकातून कात्री जाऊ न देता. कपडे कागदी पिशवीत, प्लास्टिकमध्ये नाही, कारण ओलं रक्त कुजतं आणि पुरावा जातो. पेशंट अजून धडपणे शुद्धीवर नाही, आणि पोलिसांचा डिटेक्टिव्ह उशाशी उभा: कोण होता, कुठून आला, तू काय करत होतास. फोन जप्त. बूट जप्त. त्या पोराला वाटतं आपणच आरोपी. तीन दिवसांनी तो घरी जातो तेव्हा हातात औषधांची चिठ्ठी आणि अंगावर आमच्या दानपेटीतली विजार. फोन नाही, त्यामुळे फॉलोअपला बोलवायचं तरी कसं? ज्याच्याकडून पोलिसांना माहिती हवी, त्याच्याशी पहिल्या तासात असं वागायचं, आणि मग 'कुणी तोंड उघडत नाही' म्हणून हात वर करायचे.

नवशिका

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: ते 'व्हायोलन्स इंटरप्टर' नावाचे लोक असतात ना, ते यात कुठे बसतात? ते पोलिसांचे खबरे का?

साथसंगत

@नवशिका, अजिबात नाही, आणि असा नुसता संशय आला तरी त्यांचं काम संपतं, प्रसंगी जीवही जातो. गॅरी स्लटकिन हे मुळात साथरोगतज्ज्ञ. क्षयरोग, कॉलरा, एड्स यावर काम करून शिकागोला परतले आणि २००० साली वेस्ट गारफील्ड पार्कमध्ये 'सीझफायर' सुरू केलं. आज ते 'क्युअर व्हायोलन्स' म्हणून ओळखलं जातं. यातले मध्यस्थ त्याच वस्तीतले, बरेच जण तुरुंग बघून आलेले. भांडण पेटतंय असं कळलं की ते जाऊन बसतात. माहितीचा रस्ता एकेरी ठेवतात: कुठे गोळीबार झाला हे पोलीस त्यांना सांगतात, ते पोलिसांना काही सांगत नाहीत. याचे निष्कर्ष शहरागणिक वेगळे आले आहेत, कुठे चांगले, कुठे काहीच नाही.

म्हणूनच चांगल्या पोलीसप्रमुखाची एक परीक्षा म्हणजे या लोकांकडून माहिती काढण्याचा मोह त्याने आवरणं. गस्तीवरच्या हवालदाराला कोपऱ्यावर पाच जण उभे दिसतात, त्यातला एक मध्यस्थ असतो. त्याला ओळखून पुढे जाणं हेही प्रशिक्षणच आहे.

चेसापीक

बाल्टिमोरकर. आमच्या शहराने दोन्ही टोकं पाहिली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

इथे 'गन ट्रेस टास्क फोर्स' नावाचं पथक होतं. बंदुका पकडण्यात एक नंबर, वरिष्ठांचे लाडके. मार्च २०१७ मध्ये संघराज्य सरकारच्या वकिलांनी त्यातल्या सात पोलिसांवर आरोपपत्र ठेवलं: लोकांना लुटणं, खोटा ओव्हरटाइम, खोटे अहवाल. त्यांच्या साक्षीवर उभ्या असलेल्या शेकडो केसेस कोसळल्या. पकडलेल्या बंदुकांचे आकडे कागदावर झकास होते, आणि २०१५ ते २०२२ दरवर्षी खून ३०० च्या वर होते. @तिरकस, नुसती जप्ती मोजायची म्हटली की काय होतं त्याचं हे उदाहरण.

२०२२ च्या सुरुवातीला पश्चिम जिल्ह्यात दुसरी पद्धत आणली, बॉस्टनच्या १९९६ च्या प्रयोगाची वंशज. कोणत्या गटांत सध्या वैर आहे, पुढे कुणाला गोळी लागण्याची किंवा कुणी झाडण्याची शक्यता आहे, याची यादी करायची. मग त्या प्रत्येकाला गाठायचं. पोलीस, सरकारी वकील, समाजसेवक आणि वस्तीतली माणसं एकाच वेळी. निरोप दोन भागांत: तू जिवंत राहावंस अशी आमची इच्छा आहे, ही नोकरी, घर बदलायला ही मदत. आणि तरीही झाडलीस, तर तुझ्या अख्ख्या गटाची खैर नाही. २०२३ मध्ये खून २६३, २०२४ मध्ये २०१. सगळं श्रेय याला देणार नाही, कारण देशभरच त्या काळात खून घटले. पण आमची घसरण जरा लवकर आणि जास्त होती, आणि पश्चिम जिल्ह्याचं स्वतंत्र मूल्यमापनही चांगलं आलं.

मुद्दा असा की पोलीस खातं तेच. त्यांना कामाची यादी वेगळी दिली.

तिरकस

'अख्ख्या गटाची खैर नाही' म्हणजे सामूहिक शिक्षाच झाली की. हे पुरोगामी लोकांना चालतं?

आकडेमोड

चांगला प्रश्न, टोमणा सोडून. बॉस्टनमध्ये बैठकीत एक पत्रक दाखवत. टोळीतल्या एकाचा फोटो आणि खाली मजकूर: जवळ एक गोळी सापडली, शिक्षा १९ वर्षे ७ महिने. बंदूक नव्हे, नुसती एक गोळी. जुन्या गुन्ह्यांमुळे संघराज्याचा कायदा लागू झाला होता. समोर बसलेल्या पोरांवर याचा परिणाम झाला असणारच. पण एका गोळीला वीस वर्षं हा न्याय मला तरी पचत नाही. या पद्धतीचे समर्थक म्हणतात की आधी सांगून, मोजक्यांवर केलेली कारवाई ही शेकडो पोरांना सरसकट आत टाकण्यापेक्षा बरी. खरं आहे, पण आश्वासनाचा पहिला भाग, म्हणजे नोकरी-घर-समुपदेशन, पैसे आटले की आधी गळतो आणि उरते फक्त धमकी.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला २०१२ नंतर हीच पद्धत नीट राबवली, बंदुकीचे खून ३१ टक्के घटल्याचं २०१९ च्या अभ्यासात आलं. मग हळूहळू शहराने ती सोडली आणि आकडे पुन्हा चढले. बॉस्टनमध्येही २००० नंतर तेच. यश आलं की लोकांना वाटतं, झालं काम. त्यात एप्रिल २०२५ मध्ये संघराज्याच्या न्याय खात्याने वस्तीपातळीवर हिंसा रोखणाऱ्या संस्थांची बरीच अनुदानं मध्येच रद्द केली. म्हणजे गाजर सरकारनेच काढून घेतलं, काठी तेवढी शिल्लक.

कोपऱ्यातला_बाक

मिलवॉकीचं राहिलं. तिथे २००५ पासून प्रत्येक खुनाची आढावा-बैठक होते. मॅलरी ओब्रायन या साथरोगतज्ज्ञ बाईंनी सुरू केलं. हॉस्पिटलात मृत्यूनंतर बैठक होते ना, काय चुकलं, कुठे थांबवता आलं असतं, तशीच. पोलीस डिटेक्टिव्ह, प्रोबेशन अधिकारी, आरोग्य, गृहनिर्माण असे सगळे एका टेबलावर. ज्या जिल्ह्यांत हे केलं तिथे खून ५२ टक्के घटल्याचं २०१३ च्या मूल्यमापनात होतं. गंमत म्हणजे शिफारशी फार साध्या निघतात: अमुक दारूच्या दुकानाचा परवाना, तमुक बोळातला दिवा.

त्याच शहराची दुसरी बाजू. २००४ मध्ये पोलिसांनी एका कृष्णवर्णीय माणसाला बेदम मारलं. बातमी फुटल्यावर वर्षभरात ९११ ला, म्हणजे तातडीच्या मदतीच्या नंबरला, सुमारे २२,००० फोन कमी आले, असा अभ्यास २०१६ मध्ये गाजला.

आकडेमोड

तो अभ्यास जपून वापरा. मायकेल झोरोब यांनी २०२० मध्ये तीच आकडेवारी पुन्हा तपासून निष्कर्ष डळमळीत असल्याचं दाखवलं. मूळ लेखकांनी उत्तर दिलं. वाद मिटलेला नाही.

कोपऱ्यातला_बाक

मान्य. तरी रात्रपाळींनी लिहिलंय ते वाचून मला तरी आकड्याची गरज वाटत नाही.

रेंजवरचा

मी बंदूकधारी आहे, परवानगी असलेला, पंधरवड्याला रेंजवर जाणारा. इथे शिव्या खाणार हे गृहीत धरून लिहितो.

एक, सगळ्यांना वाटतं पोलिसांनी नंबर टाकला की मालकाचं नाव झळकतं. तसं नाही. बंदुकीचा माग काढण्याचं राष्ट्रीय केंद्र वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला आहे. केंद्रीय नोंदवही करायला १९८६ च्या कायद्याने मनाई. बंद पडलेल्या दुकानांच्या नोंदी खोकी भरभरून तिथे येतात, त्यांचे फोटो काढतात, पण नावाने शोधता येत नाहीत. माणूस बसून पानं उलटतो. आणि २००३ च्या टिआर्ट दुरुस्तीमुळे त्यातली माहिती संशोधकांनाही मिळत नाही. मी नोंदवहीच्या विरोधात आहे, हे आधीच सांगतो. पण एकाच दुकानातून निघालेल्या बंदुका पुन्हा पुन्हा गुन्ह्यात सापडत असतील, तर त्या दुकानाकडे पोलिसांनी जावं याला माझी काय हरकत असणार?

दोन, आत्महत्या. धागाकर्त्या ताईंनी सुरुवातीलाच २७,३०० चा आकडा दिला आणि मग सगळे खुनांवर घसरले. आमच्या मंडळींत मरणारे हे असे मरतात. मध्यमवयीन, गोरे, गावाकडचे, नोकरी गेलेले. त्यांना टोळीची बैठक काय कामाची?

साथसंगत

@रेंजवरचा, बरोबर पकडलंत. आणि शिव्या कशाला खाल, हा धाग्यातला सगळ्यात उपयोगी प्रतिसाद आहे.

वकीलबाई

इथे मी थोडी भर घालते. 'रेड फ्लॅग' कायदे, म्हणजे धोक्यातल्या माणसाकडची बंदूक न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेणं. कनेक्टिकटने १९९९ मध्ये पहिला केला, इंडियानाने २००५ मध्ये, आता वीसहून अधिक राज्यांत आहे. जेफ्री स्वॉन्सन यांनी कनेक्टिकटच्या ७६२ प्रकरणांचा अभ्यास केला. साधारण दहा ते वीस आदेशांमागे एक आत्महत्या टळते असा अंदाज. बंदुकीने केलेल्या प्रयत्नांत दहापैकी नऊ जण दगावतात, इतर बहुतेक मार्गांत वाचण्याची शक्यता खूप जास्त. आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. वेळ काढणं हाच उपचार.

यात पोलीस अटळ आहेत. फ्लोरिडाचा २०१८ चा कायदा तर फक्त पोलिसांनाच अर्ज करू देतो. १४ दिवसांत सुनावणी, आदेश जास्तीत जास्त वर्षभराचा. तिथे जिल्ह्याजिल्ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एका ठिकाणी पोलीस खात्यात यासाठी वेगळं पथक, दुसरीकडे शेरीफ, म्हणजे जिल्ह्याचा निवडून आलेला पोलीसप्रमुख, म्हणतो मला हा कायदाच मान्य नाही. कायदा तोच, वाचणार कोण हे शेरीफच्या मतावर.

दारात उभं राहून बंदूक मागणं हे कौशल्याचं काम आहे. गुन्हेगार समजून गेलात तर तिथेच भडका. ज्यांना जमतं ते आधी फोन करतात, घरच्यांपैकी कुणाला बरोबर घेतात, आणि पहिल्या दोन मिनिटांत सांगतात की हा गुन्हा नाही, बंदूक तुमचीच आहे, परत मिळेल.

तिरकस

आणि बंदूक बाळगण्याचा घटनेने दिलेला हक्क? तक्रार खोटी असली तर?

वकीलबाई

शंका रास्त आहे. म्हणून सुनावणी, पुराव्याची अट, खोट्या अर्जाला शिक्षा हे सगळं लागतं. २०२४ च्या रहिमी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ ने म्हटलं की दुसऱ्याच्या जिवाला धोका असल्याचं न्यायालयाने ठरवलं असेल, तर बंदूक तात्पुरती काढून घेता येते. तो खटला कौटुंबिक हिंसेच्या आदेशाचा होता, रेड फ्लॅगचा नव्हे. पण दिशा कळते.

संपादक

दुसऱ्या घटनादुरुस्तीवरचे चार प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. इथे विषयाला धरून लिहावे.

अनाम_वाचक

नेहमी फक्त वाचते, आज विचारते. कॅलिफोर्नियातल्या एका मैत्रिणीचा नवरा काही महिन्यांपासून खचलेला आहे. घरात दोन पिस्तुलं. ती म्हणते, पोलिसांना बोलावलं तर तेच त्याला गोळी घालतील. मी तिला काय सांगू?

वकीलबाई

तिची भीती अनाठायी नाही, तिला तसं म्हणू नका. क्रमाने सांगते. तो या घडीला बंदूक हातात घेऊन बसला असेल, तर तिने आणि मुलांनी घराबाहेर पडून ९११. पहिल्याच वाक्यात सांगायचं: मानसिक संकट आहे, बंदूक कुठे आहे, आणि सीआयटी प्रशिक्षण (मानसिक संकटातल्या माणसाला हाताळण्याचं) घेतलेला अधिकारी पाठवा. हे प्रशिक्षण मेम्फिसमध्ये १९८८ मध्ये सुरू झालं, आता बऱ्याच खात्यांत असतं, पण मागितल्याशिवाय येईलच असं नाही.

तितकी वेळ आलेली नसेल तर ९८८ ला, म्हणजे आत्महत्या आणि मानसिक संकटासाठीच्या हेल्पलाइनला फोन, चोवीस तास चालू. तिला स्वतःलाही करता येतो, नवऱ्यानेच करायला हवा असं नाही. कॅलिफोर्नियात घरच्यांना थेट न्यायालयात अर्ज करता येतो, पोलिसांमार्फतच जावं लागत नाही. बंदुका काढून घ्यायच्या वेळी मात्र पोलीस येऊ शकतात, तेव्हा तारीख-वेळ आधी बोलून घ्यायला सांगा.

रेंजवरचा

त्याच्याही आधी एक. त्याचा रेंजवरचा कुणी मित्र असेल तर त्याला गाठा. बायकोने मागितलं तर भांडण होईल, मित्राने 'थोडे दिवस बाहेर ठेवू' म्हटलं तर ऐकेल. बऱ्याच ठिकाणी बंदुकीची दुकानं आणि काही पोलीस ठाणी तात्पुरती ठेवून घेतात. मात्र कुणाच्या ताब्यात द्यायची याचे नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून आधी दुकानात फोन करून विचारा. तोवर निदान कुलूप आणि गोळ्या वेगळ्या जागी, किल्ली तिच्याकडे.

अनाम_वाचक

आभार. तिच्याशी आत्ताच बोलते. तो मित्र कोण ते मला माहीत आहे.

रात्रपाळी

बोलणं झालं की इथे नको, मला व्यक्तिगत निरोपात कळवा. आज ड्युटी नाही, जागी आहे.